एव्हीआर-जीसीसी वर्षभर वापरला, एररबद्दल जरा सविस्तर

हौदावरच्या मोटरसाठी टायमर बनवायला घेतला तेव्हापासून एव्हीआर-जीसीसी हाच कम्पायलर वापरतोय, म्हणजे सी भाषेतला कोड एव्हीआर जातीच्या चिपला समजेल असा करून देणारा प्रोग्राम. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेली एटीमेगा३२८पी ही एव्हीआर चिप, ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा), २ केबी रॅम (प्रोग्राम चालताना लागणारी मेमरी). कम्पायलर फुकट आहे आणि अर्डिनो बोर्डचा कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे अर्डिनो आयडीईच्या पोटात पण हाच बसलाय, म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नाव माहीत नसताना वापरलेला असणार.

माझं मत सरळ आहे, हा कम्पायलर खरं बोलतो पण ऐकायचं वरून खाली. एकदा पोर्टबी अनडिक्लेअर्ड, डीडीआरबी अनडिक्लेअर्ड (म्हणजे चिपच्या पिन चालवणारी ही नावं त्याला माहीतच नाहीत) अशी एररची रांगच लागली, मी प्रत्येक ओळ तपासत बसलो आणि सगळ्यात वर एक साधी वॉर्निंग होती, डिव्हाइस टाइप नॉट डिफाइन्ड. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बिल्ड करायचा त्या सूचनांची फाइल) एमएमसीयू फ्लॅगला चिपचं नाव द्यायचं राहिलं होतं, ते दिलं आणि सगळे एरर एका झटक्यात गेले.

दुसरं म्हणजे तो बोट दाखवतो तिथेच चूक असेल असं नाही, बऱ्याचदा ती त्याच्या आधी असते. मला मेनच्या महिरपी कंसावर एरर दाखवत होता, तिथे तर सगळं बरोबर, शेवटी सापडलं की वर इन्क्लूड केलेल्या पंप.एच फाइलच्या शेवटच्या ओळीला सेमीकोलन नव्हता. अनडिफाइन्ड रेफरन्स आला तर मात्र सिंटॅक्स शोधत बसू नका, ते लिंकर (कम्पाइल झालेले तुकडे एकत्र जोडणारा भाग) बोलतोय, म्हणजे फंक्शन जाहीर केलंय पण ज्या .सी फाइलमध्ये ते लिहिलंय ती बिल्डमध्ये घेतलीच नाहीये, किंवा नावात स्पेलिंग चुकलंय.

वॉर्निंगला कमी लेखू नका हे तर मी कळकळीने सांगतो. मोटर १५ मिनिटांनी बंद व्हावी म्हणून १५*६०*१००० असं लिहून ३२ बिटच्या अनसाइन्ड (उणे आकडे नसलेल्या) व्हेरिएबलमध्ये ठेवलं. कम्पायलर म्हणाला इंटिजर ओव्हरफ्लो, रिझल्ट -१७५०४, मी पुढे गेलो. एव्हीआरवर इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटचा असतो, ३२७६७ च्या वर जातच नाही, आणि तो उणे आकडा अनसाइन्डमध्ये गेला की जवळपास ४९ दिवसांचे मिलिसेकंद होतात. हौद भरून पाणी वाफ्यात गेलं तरी मोटर चालूच, हाताने स्विच पाडावा लागला. १५ च्या पुढे यूएल लावलं, म्हणजे गुणाकार ३२ बिट अनसाइन्डमध्ये होतो, आणि प्रश्न मिटला. इंटरप्टच्या (चिपला मधेच थांबवून दुसरं काम करायला लावणारा इशारा) व्हेक्टरचं नाव चुकलं तरी कम्पायलर नुसती वॉर्निंग देतो, बिल्ड होतं आणि ते आयएसआर, म्हणजे त्या इशाऱ्यावर चालायचं फंक्शन, कधी चालतच नाही.

कमी पडतो तो रॅमच्या बाबतीत. स्ट्रिंग साध्या लिहिल्या की त्या रॅममध्येच जाऊन बसतात, वर स्टॅकला (फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती रॅम) जागा उरते की नाही हे कम्पायलर सांगत नाही, बिल्ड एकदम क्लीन आणि बोर्ड मधेच रिसेट होतं. त्यामुळे दर बिल्डनंतर एव्हीआर-साइझ (प्रोग्राम किती जागा खातो ते दाखवणारं टूल) चालवा, रॅममधल्या डेटाचा एकूण आकडा २०४८ बाइटच्या जवळ जायला लागला की मेसेज प्रोग्मेममध्ये, म्हणजे फ्लॅशमध्ये हलवा. मी साधारण १५०० ला थांबतो.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या रॅमसाठी कापला.