इंजिनीअरिंगचं नीतिशास्त्र: वेगळा कोर्स की प्रोजेक्टमध्येच?

ख्रिस्ती विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकवताना नीतिशास्त्र तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर अमेरिकेतल्या दोन वाटा पाहून ठेवा. टेक्सासमधलं बेलर विद्यापीठ बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं. तिथे इंजिनीअरिंगच्या सामाजिक आणि नैतिक प्रश्नांवर स्वतंत्र कोर्स आहे. मिशिगनमधलं कॅल्व्हिन विद्यापीठ रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतलं. तिथली शेवटच्या वर्षाची मुलं आपला प्रोजेक्ट ‘डिझाइन नॉर्म्स’वर, म्हणजे डिझाइनच्या नैतिक निकषांवर तपासतात: न्याय, पारदर्शकता, काळजी, विश्वासार्हता, सृष्टीची राखण वगैरे.

वेगळ्या कोर्सला वेळ मिळतो, हे त्याचं बळ. चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघाताचंच घ्या. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे इंजिनीअर नासाला फोनवर सांगत होते, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण नको, थंडीत ओ-रिंगचं, म्हणजे बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या कड्यांचं, रबर ताठरतं. मग कंपनीने आपसात बोलायला वेळ मागून घेतला, आणि तेवढ्यात इंजिनीअरिंगच्या उपाध्यक्षाला वरिष्ठाने सुनावलं: इंजिनीअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी उड्डाणात यानातले सातही जण गेले. ही रात्र नीट उलगडायची तर थर्मोडायनॅमिक्सच्या तासात शेवटची दहा मिनिटं पुरत नाहीत. पण वर्गात हात वर करून ‘मी होकार दिलाच नसता’ म्हणायला काही किंमत मोजावी लागत नाही. आणि मार्कांपुरता झालेला विषय पोरं कशी उरकतात, हे आपल्याकडे युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज हा मूल्यशिक्षणाचा विषय शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

प्रोजेक्टमध्ये प्रश्न काम हातात असताना येतो. समजा, टीम एका खेड्यासाठी पंप करतेय. सीलबंद बेअरिंग स्वस्त, पण बिघडलं तर गावात दुरुस्त होणार नाही. लोकांची सुरक्षितता, आरोग्य, हित सर्वोच्च माना, असं व्यावसायिक संहिता सांगते. बेअरिंग कुठलं, ते नाही सांगत. ‘काळजी’चा नॉर्म मात्र तिथेच अडवतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न मग प्रवचनातून ऐकावा लागत नाही. कधीच चर्चला न गेलेला विद्यार्थीही त्यावर भांडू शकतो.

गाईडला रस नसेल तर मात्र रिपोर्टला शेवटी एक पान चिकटतं. झाकण अ‍ॅक्रिलिकचं, म्हणून डिझाइन पारदर्शक!

माझा कौल तरीही नॉर्म्सना. फक्त त्यांची तपासणी पार्ट्सची ऑर्डर जाण्याआधी व्हावी आणि मार्क गाईडनेच द्यावेत. चॅलेंजरसाठी दोन तास वेगळे काढा. गाईड तयार नसतील, तर सरळ बेलरसारखा कोर्स घ्या.