बिल्ला लुडविगचा, आत पुट्टी

नागपुरात सेकंडहँड ड्रमसेट शोधत असाल आणि 'लुडविग ब्रेकबीट्स, ओरिजिनल, मेड इन यूएसए' अशी जाहिरात दिसली, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ३८ हजार गेलेत.

ब्रेकबीट्स म्हणजे १६ इंची बेस ड्रम, १० चा टॉम, १३ चा फ्लोअर टॉम आणि १४ चा स्नेअर. फ्लॅटमध्ये, छोट्या स्टेजवर मावेल असा सेट. 'द रूट्स' बँडचा ड्रमर क्वेस्टलव याच्यासोबत लुडविगने तो काढला. १९०९ मध्ये शिकागोत सुरू झालेली ड्रम कंपनी, त्यामुळे नाव ऐकलं की गिऱ्हाईक अर्धं पटलेलंच असतं. पण लुडविगचे अमेरिकेत बनणारे सेट वेगळे आणि बरेच महाग. ब्रेकबीट्स त्यांतला नाहीच. म्हणजे 'मेड इन यूएसए'चं स्टिकर तिथेच खोटं.

विकणाऱ्याने मानेवाड्यातल्या एका खोलीत सेट लावूनच ठेवला होता. वाजायला बरा होता. स्किन, म्हणजे ड्रमवरचा ताणलेला पडदा, काढून आत बघू म्हटलं, तर "काहून जी, ट्यूनिंग बिघडते ना!" शेल सेटमध्ये, म्हणजे नुसत्या ड्रम्सच्या सेटमध्ये, स्टँड, पेडल, सिम्बल नसतात, हे खरंच. तो म्हणाला, "ते वर्ध्याला मामाकडे आहे, पाठवतो," आणि त्याचेही पैसे आगाऊ घेतले. सामान आलं नाही, फोन बंद.

मित्राचं पेडल लावलं तेव्हा त्याचा बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) मधोमध न लागता पार वरच्या काठाजवळ आपटायला लागला. १६ इंची बेस ड्रम जमिनीपासून उचलावा लागतो, म्हणून खऱ्या सेटसोबत खाली लावायचा राइजर येतो. इथे त्याचा पत्ताच नव्हता. मग स्किन उतरवली. आत जुन्या लगची (स्किन ताणणारे स्क्रू धरणाऱ्या पकडींची) भोकं पुट्टीने बुजवून वर तपकिरी रंग फासलेला. नखाने खरवडली तर भुगा हातात आला. स्किन टेकते तो काठ एकीकडे धारदार, दुसरीकडे चपटा. कुणाचा तरी जुना फ्लोअर टॉम आडवा करून त्यावर बिल्ला ठोकलाय, बस्स.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिलाय. यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवलं होतं, तेच कामी आलं. पैसे अजून अडकलेलेच आहेत.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा आली, पत्ता वर्धा रोडचा. फोटोतल्या बिल्ल्याचा उजवा कोपरा दुमडलेला दिसतोय. तोच माणूस आहे.