ॲलन फील्डहाउस: पाहुण्या संघाच्या बाकावरून

ज्यांच्याकडून हरण्याची सवयच झाली आहे त्यांच्याच घरी, पदरचे पैसे मोजून, सव्वाचार तास गाडी हाकून जायचे आणि हार बघून परत यायचे, हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे, असे माझे आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत असताना ठाम मत होते. एम्समधल्या आमच्या हिल्टन कोलिझियममध्ये विद्यार्थ्यांच्या तिकिटावर बसायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि चालत खोलीवर यायचे, एवढीच माझी कॉलेज बास्केटबॉलची कल्पना होती. नोकरीला लागल्यानंतर, 14 जानेवारी 2023 च्या शनिवारी, एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी पहिल्यांदा कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस या बास्केटबॉलच्या क्रीडागृहात गेले. सामना आम्ही 62–60 असा हरलो. त्या वास्तूविषयी जे काही वाचायला मिळते ते बहुतेक यजमानांच्या कौतुकाच्या सुरात असते, आणि लाल-सोनेरी रंगाचा स्वेटर घालून तिथे जाणाऱ्याच्या वाट्याला नेमके काय येते हे त्यातून कळत नाही, म्हणून हे परीक्षण.

सर्वांत कंटाळवाणा भाग तिकिटाचा, तो आधी उरकते. कॅन्ससच्या घरच्या सामन्यांची तिकिटे 2001 पासून सलग प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत, आणि त्या वेळी 16,300 आसने असूनही खिडकीवर जाऊन तिकीट मागण्यात काही अर्थ नव्हता. पाहुण्या विद्यापीठाला मिळणारा वाटा मुळातच लहान असतो. तो खेळाडूंच्या घरच्यांना आणि मोठ्या देणगीदारांना पुरतो, आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचत नाही. उरतो तो फेरविक्रीचा बाजार. मी ज्या संकेतस्थळावरून तिकीट घेतले त्याचे नाव लिहीत नाही, पण पडद्यावर 118 डॉलर दिसणारे तिकीट शेवटच्या पानावर 157 डॉलरचे झाले आणि विक्रेत्याने ते माझ्या फोनवर पाठवले सामन्याच्या दिवशी, आम्ही मिझुरी राज्याच्या मध्यावर असताना. तोपर्यंतचे दोन तास आम्ही तिकीट नसलेल्या प्रेक्षक होतो. मे 2025 पासून तिकिटे आणि हॉटेल यांची सर्व शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचे बंधन सरकारने घातले आहे, त्यामुळे निदान पहिला धक्का आता बसू नये. दुसऱ्यावर मात्र अजूनही संयम हाच उपाय.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. एम्सहून 35 क्रमांकाच्या महामार्गाने सरळ दक्षिणेला कॅन्सस सिटी गाठायची आणि तिथून 70 क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला वळून कॅन्सस विद्यापीठाच्या गावी, लॉरेन्सला पोहोचायचे. या शेवटच्या टप्प्यावर टोल लागतो. 2024 च्या उन्हाळ्यापासून नाक्यावर थांबावे लागत नाही, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येते. जानेवारीत या पट्ट्यात वारा आडवा येतो आणि बर्फ पडत नसला तरी पडलेला बर्फ रस्त्यावर उडत राहतो, म्हणून संध्याकाळच्या सामन्यापेक्षा दुपारचा सामना निवडावा. हा सल्ला केवळ रस्त्यासाठी नाही, पण त्याचे दुसरे कारण पुढे येईल.

सामन्याच्या किमान दोन तास आधी पोहोचावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण फील्डहाउसला जोडूनच असलेल्या डीब्रूस सेंटरमध्ये बास्केटबॉलचे मूळ नियम ठेवले आहेत. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ तयार केला, तेव्हाचे हे दोन टंकलिखित कागद आणि त्यावरचे 13 नियम. 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते 43 लाख डॉलरना विकले गेले, आणि विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते विकत घेतल्यामुळे इथे आले. मंद प्रकाशातल्या काचेआड ते इतके साधे दिसतात, की एखाद्या कार्यालयातली जुनी सूचना वाचत आहोत असे वाटावे. चेंडू घेऊन धावता येणार नाही, असे तिसरा नियम सांगतो, आणि पाचवा सांगतो की प्रतिस्पर्ध्याला खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाडणे चालणार नाही. हा पाचवा नियम मी मुद्दाम दोनदा वाचला आणि सामन्याच्या उत्तरार्धात मला तो वारंवार आठवला.

नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्ससला आले आणि तिथले पहिले बास्केटबॉल प्रशिक्षक झाले. त्यांच्या नावावर 55 विजय आणि 60 पराभव आहेत. या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेले ते एकटेच. ज्याने खेळ शोधला त्याचाच हिशेब तोट्यात गेला, ही गोष्ट पाहुण्या प्रेक्षकाने आत शिरण्यापूर्वी गाठीशी बांधून ठेवावी. नंतर उपयोगी पडते.

फील्डहाउस बाहेरून चुनखडीच्या दगडाचे, एखाद्या मोठ्या गोदामासारखे आहे. ते 1 मार्च 1955 रोजी खुले झाले आणि पहिल्याच सामन्यात कॅन्ससने शेजारच्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाला 77–67 असे हरवले. फॉग ॲलन या प्रशिक्षकांचे नाव त्याला दिले आहे, आणि त्या नावावर कोटी करणारा ‘आत येणाऱ्यांनो, फॉगपासून (इंग्रजीत फॉग म्हणजे धुके) सावध राहा’ अशा अर्थाचा प्रचंड फलक उत्तरेकडच्या भिंतीवर वर टांगलेला आहे. 1988 मध्ये विद्यार्थ्यांनी तो प्रथम वसतिगृहातल्या शॉवरच्या पडद्यांवर रंगवला होता. आताचा फलक नवा असला, तरी त्याचा हाताने रंगवल्यासारखा ओबडधोबडपणा राखला आहे, आणि मला तो आवडला.

आता दुपारच्या सामन्याचे दुसरे कारण. या इमारतीच्या दोन्ही टोकांना उंचावर खिडक्या आहेत. आजकालची बहुतेक क्रीडागृहे चहूबाजूंनी बंद असतात आणि आत दिवस आहे की रात्र हे कळत नाही. इथे हिवाळ्यातले तिरपे ऊन वरून आत उतरते, धूळ दिसते आणि बाकांचे लाकूड काही काळ मधाच्या रंगाचे होते. माझी जागा वरच्या भागात, कोपऱ्यात, विद्यार्थ्यांच्या विभागाला जवळजवळ लागून होती. बाक सलग असतात, आपली जागा म्हणजे बाकावर रंगवलेला एक आकडा, आणि हिवाळी कोट घातलेल्या दोन माणसांमध्ये तो आकडा शोधावा लागतो. माझ्या डावीकडे निळ्या टोपीतले एक आजोबा मांडीवर वही आणि कानात रेडिओची तार घालून बसले होते. त्यांनी माझ्या स्वेटरकडे पाहिले, थोडे सरकले आणि कोट ठेवायला जागा करून दिली.

मग जे घडते ते पाहण्यासाठी परक्या प्रेक्षकाने एकदा तरी इथे यावे. पाहुण्या संघातल्या खेळाडूंची नावे पुकारायला सुरुवात झाली, की विद्यार्थ्यांच्या विभागातले सगळेच्या सगळे वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात आणि वाचण्यात गढून गेल्याचे सोंग करतात. मी टीव्हीवर हे अनेकदा पाहिले होते, पण त्यात एक गोष्ट कळत नाही: कागदांची सळसळ ऐकू येते. हजारो पाने एकदम उलटली जातात, आपल्या खेळाडूचे नाव त्या सळसळीत विरून जाते, आणि आपण एकटेच टाळ्या वाजवत असतो. शिव्या आणि आरडाओरडा मला परिचित होता, आम्हीही हिल्टनमध्ये तेच करतो. असा शिस्तबद्ध, जवळजवळ सभ्य अनुल्लेख मात्र मी पहिल्यांदाच अनुभवला. त्यानंतर यजमानांची नावे सुरू होतात, त्याच वर्तमानपत्रांच्या चिंध्या होतात आणि छताकडे उडतात. पाहुणा नसेल, तर हा सगळा सोहळा सुरूच होऊ शकत नाही, हे तिथे बसल्यावर लक्षात येते. अपमान करण्यासाठी का होईना, त्यांना आपली गरज असते.

त्याआधी म्हटली जाणारी ‘रॉक चॉक’ ही घोषणा 1886 मध्ये एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचली. त्यातला ‘चॉक’ म्हणजे विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिथली चुनखडी. ती दोनदा अगदी संथ, प्रार्थनेसारखी लांबवून म्हणतात आणि मग एकाएकी वेगाने. सामना हातात आला, की कॅन्ससचे लोक ती शेवटच्या मिनिटांत पुन्हा सुरू करतात. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या कानाला तो संथ सूर कुलूप लावल्याच्या आवाजासारखा लागतो. आमचा एखादा खेळाडू पाच फाउल करून बाहेर गेला, की सगळे हात वर करून गव्हाच्या शेतासारखे डोलतात. हे दृश्य सुंदर आहे आणि फार चीड आणणारेही आहे.

आवाजाविषयी लोक बढाया मारतात असे मला वाटत असे. 13 फेब्रुवारी 2017 रोजी इथे 130.4 डेसिबलची नोंद झाली आहे, पण त्या आकड्यावरून काही कल्पना येत नाही. मला आवाज आधी पायांत जाणवला: बाकाखालची फळी बुटाच्या तळव्यातून थरथरत होती, आणि मैत्रीण माझ्या कानाशी तोंड नेऊन काय म्हणाली हे मला फक्त तिच्या श्वासाच्या उबेवरून समजले. प्रेक्षक मैदानाच्या अगदी जवळ, दोन्ही बास्केटच्या मागे विद्यार्थी, आणि छप्पर असे की वर गेलेला आवाज तसाच खाली येतो. लहान मुलांना नेणाऱ्यांनी कानांवर घालायचे संरक्षक घेऊनच जावे.

सामना तुल्यबळ झाला आणि के. जे. ॲडम्सने अगदी शेवटच्या सेकंदांत केलेल्या बास्केटने तो गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, 11 जानेवारी 2022 रोजी, आम्ही याच मैदानावर 62–61 असे हरलो होतो. दोन वर्षांत मिळून तीन गुण. शेवटचा भोंगा वाजल्यावर मी बसून राहिले. शेजारच्या आजोबांनी वहीत शेवटचा आकडा लिहिला, पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाले, “2017 चा सामनाही मी याच जागेवरून पाहिला होता.” एवढेच. 4 फेब्रुवारी 2017 रोजी आयोवा स्टेटने इथे ओव्हरटाइममध्ये 92–89 असा विजय मिळवून कॅन्ससची घरच्या मैदानावरची सलग 51 विजयांची मालिका तोडली होती, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला पाठ असते. ते त्यांच्याही लक्षात असेल असे मला वाटले नव्हते.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. फील्डहाउसच्या लगतचे पार्किंग देणगीदारांसाठी राखीव असते, तेव्हा गाडी दूर लावून टेकडी चालण्याची तयारी ठेवावी. पिशव्यांचे नियम कडक असतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. जेवण मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर करावे. हे गाव 1854 मध्ये मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या लोकांनी वसवले, म्हणून मुख्य रस्त्याला ते नाव, आणि खेळही तिकडूनच आलेला, हा योगायोग मला जेवताना सुचला. मुक्कामाच्या बाबतीत मी चुकले: सामन्याच्या रात्रीसाठी गावातल्या एका हॉटेलने दुप्पट दर लावला, आणि खोलीचा हीटर रात्रभर खोकत होता. पुढच्या वेळी मी कॅन्सस सिटीत उतरेन. तिकिटासाठी वरच्या भागातला कोपरा पुरेसा आहे. खालच्या जागांची किंमत ऐकून मला तरी त्या इतक्या चांगल्या वाटल्या नाहीत. एकूण हिशेब मांडला तर जागेला मी पाचपैकी पाच देईन, तिकिटाच्या बाजाराला एक, आणि दर वर्षी जाईन का, तर नाही; दोन-तीन वर्षांतून एकदा नक्की.

दुसऱ्या दिवशी परतताना मिझुरीतल्या बेथनी गावाजवळ आम्ही पेट्रोलसाठी थांबलो, तेव्हा मैत्रिणीने माझ्या कोटाच्या टोपीतून वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. शब्दकोड्याचा खालचा कोपरा होता, आणि त्यातले दोन शब्द कोणीतरी पेनने भरलेले होते.