कोकणासाठी ई-एमटीबी: हब मोटर की मिड-ड्राइव्ह? बिघाड आणि वॉरंटीच्या हिशेबाने तुलना

इलेक्ट्रिक माउंटन बाइकच्या जाहिरातीत टॉर्क, रेंज आणि वजन ठळक छापलेलं असतं. देवगड, मालवण, रत्नागिरी किंवा दापोलीत राहणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. मोटर बंद पडली तर पाठवायची कुठे? आणि पाठवायचा नेमका कोणता भाग? खारी हवा आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कुठल्याच मोटरला सोडत नाही. त्यामुळे ‘कोणती मोटर बिघडत नाही’ हे शोधत बसण्यापेक्षा बिघडलेली मोटर किती दिवसांत परत चालू होते, हे पाहून निवड केलेली बरी.

बाजारात दोन गट आहेत. एक, मागच्या चाकात हब मोटर असलेल्या भारतीय सायकली. पुण्याची ईमोटोराड, हीरो सायकल्सची हीरो लेक्ट्रो यांची बहुतेक मॉडेल्स या गटातली. दुसरा, पेडलच्या आसापाशी मोटर बसवलेल्या मिड-ड्राइव्ह सायकली. त्यांत बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्स, शिमानो ईपी८ आणि ईपी८०१, यामाहा पीडब्ल्यू-एक्स३, तसंच २०२४ साली आलेली डीजेआयची अव्हिनॉक्स. नुसते जाड टायर आणि पुढे सस्पेन्शन लावून ‘एमटीबी’ लिहिलेल्या सायकली पहिल्या गटात भरपूर आहेत. पण आपल्याकडच्या सड्यावर, पाणंदीत आणि चिरेखाणींच्या रस्त्यांवर त्यांचं काम बऱ्यापैकी भागतं.

घाटात काय होतं

हब मोटरला सायकलच्या गिअरचा उपयोग होत नाही. २७.५ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. ताशी २५ किलोमीटरला हे चाक मिनिटाला १९० फेरे मारतं, तर ताशी ८ किलोमीटरला फक्त ६०. इतक्या कमी फेऱ्यांवर मोटर बॅटरीतून करंट ओढते, पण त्यातला मोठा वाटा उष्णतेत जातो. गुंडाळी चाकाच्या आत बंदिस्त असल्याने ती उष्णता लवकर बाहेरही पडत नाही. मग आतले नायलॉनचे तीन प्लॅनेटरी गिअर मऊ पडतात. अशा वेळी चढावर थांबून एकदम थ्रॉटल दिला की दाते झडतात.

मिड-ड्राइव्हची ताकद साखळीतून जाते. क्रँकवर (पेडलच्या दांड्यांवर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर असेल आणि पुढे ३४, मागे ५० दात्यांचा गिअर असेल, तर चाकावर जवळपास १२५ न्यूटन-मीटर मिळतात. हब मोटरकडे साधारण ३५ ते ४५ असतात.

दाणोलीकडून आंबोली चढायची म्हणजे सुमारे ६०० मीटर उंची. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर नुसतं वर न्यायलाच १६३ वॅट-अवर लागतात. टायरचं घर्षण धरून १९० च्या घरात. सगळं मोटरवर सोडलं आणि हब मोटर ६५ टक्के कार्यक्षमतेने चालली, तर बॅटरीतून ३०० वॅट-अवर जाणार. ३६ व्होल्ट, ५.८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २०९ वॅट-अवर. ती घाट संपण्याआधीच बसते. १०.२ अँपिअर-अवरची (३६७ वॅट-अवर) पोहोचवेल, पण मोटर तापलेली असेल. निम्मी ताकद पायांनी लावली तर दोन्हींचं जमतं. आंबोली, आंबा, कुंभार्ली असे घाट दर आठवड्याला चढणाऱ्याने हब मोटरच्या वाटेला जाऊ नये. किनारा ते सडा हा दीड-दोनशे मीटरचा चढ मात्र तिला झेपतो.

पाणी कुठून शिरतं

हब मोटरची वायर आसाच्या पोकळीतून आत जाते आणि पाणीही तिच्याच अंगाने आत जातं. म्हणून आसाजवळ वायरला खाली झुकणारा एक वळसा हवा, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो. दुसरी जागा म्हणजे चेनस्टेवरचा (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या दांड्यावरचा) गोल कनेक्टर. पंक्चर काढताना तो सुटा होतो. परत बसवताना दोन्ही बाजूंचे बाण जुळवून तो खुणेच्या रेषेपर्यंत दाबायचा असतो. घाईत अर्धवट बसला की पहिल्याच पावसात पिना हिरव्या पडतात आणि मोटर झटके देऊ लागते. हे झटके म्हणजे मोटर गेली असं नव्हे; बऱ्याच वेळा पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावलं की काम होतं.

मिड-ड्राइव्हमध्ये पाणी क्रँकच्या आसाच्या सीलमधून शिरतं आणि आधी बेअरिंग खातं. बॉश आपल्या काही मोटरांना आयपी५४ दर्जा सांगते. म्हणजे शिंतोडे आणि धुळीपासून संरक्षण. बुडवणं त्यात येत नाही आणि खाऱ्या पाण्याची चाचणी तर आयपीच्या आकड्यात नसतेच. त्यामुळे भर व्हाळातून हबपर्यंत पाण्यात सायकल घालणं किंवा गुहागर-तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाटेच्या कडेने चालवणं, दोन्ही टाळा. आणखी एक वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रेमच्या आतून गेलेल्या केबलींवरून आणि सीटपोस्टमधून पाणी उतरून थेट मोटरच्या खोबणीत साचतं. मोटरखाली ते वाहून जायला भोक असतं, पण जांभ्याची लाल माती ते बुजवून टाकते. पावसाळ्यात दर आठवड्याला ते भोक काडीने मोकळं करावं. महिन्यातून एकदा सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरावी. कपभर पाणी निघालं तरी नवल नाही.

धुण्याच्या बाबतीत दोन्हींना नियम एकच. मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप वर्ज्य. बादली, मऊ ब्रश आणि गोडं पाणी पुरे. पावसात गाडीच्या मागच्या रॅकवर सायकल लावून महामार्गावर ८० च्या वेगाने नेणं हा प्रेशर वॉशचाच प्रकार आहे. बॅटरी काढून गाडीत ठेवा आणि तिची खोबण झाका.

मोटर पाठवण्याआधीची तपासणी

हब मोटर घरी तपासता येते, हा तिचा मोठा गुण. मोटरचा कनेक्टर काढा आणि चाक उलट्या दिशेने फिरवा. सुलट फिरवून कळत नाही, कारण आतला क्लच मोटरला सोडून देतो. कनेक्टर काढल्यावरही चाक अडखळत असेल तर मोटरच्या आत किंवा वायरमध्ये फेज शॉर्ट आहे, म्हणजे मोटरला वीज नेणाऱ्या तारा एकमेकींना टेकल्या आहेत. जोडलेला असताना अडखळत होतं आणि काढल्यावर मोकळं झालं, तर कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा भाग) गेला. मोटर थरथरते पण सुरू होत नाही, असं असेल तर हॉल सेन्सर (मोटर कुठे फिरली आहे ते कंट्रोलरला सांगणारे) बघा. कनेक्टर जोडून सिस्टिम चालू ठेवा, हॉलची काळी वायर आणि तीन सिग्नल वायरींपैकी एकेक यांमध्ये मल्टिमीटर लावा आणि चाक हळू उलटं फिरवा. आकडा शून्य आणि पाच व्होल्टच्या आसपास उड्या मारायला हवा. तिन्हींपैकी एक स्थिर राहिला तर तो सेन्सर मेला. नायलॉन गिअर, हॉल सेन्सर, कंट्रोलर हे सगळं सुटं मिळतं आणि इलेक्ट्रिक स्कूटरचं काम करणारा कारागीर ते बदलू शकतो. फक्त वॉरंटी चालू असेपर्यंत झाकण उघडू देऊ नका.

मिड-ड्राइव्हमध्ये तुमच्या हातात येतं ते बाहेरचं. बॉशवर ५०३ कोड आला तर तो स्पीड सेन्सरचा. स्पोकवरचा चुंबक दगड लागून सरकलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबकाचं अंतर ५ ते १७ मिलिमीटर हवं. शिमानोवर डब्ल्यू०१३ दिसलं तर पेडलवरून पाय काढून सिस्टिम बंद करून पुन्हा चालू करा. चालू करताना पेडलवर भार असल्याने टॉर्क सेन्सरचा शून्य चुकलेला असतो.

आवाजाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण वॉरंटीचे निम्मे वाद त्यावरून होतात. बॉशची २०१९ मध्ये आलेली चौथ्या पिढीची सीएक्स आणि शिमानोची ईपी८, या दोन्ही खडबडीत उतारावर पेडल न मारता आल्या की खडखडतात. तो आतल्या क्लचचा मोकळेपणा आहे, बिघाड नव्हे. त्यासाठी मोटर बदलून मिळत नाही. बॉशने २०२४ च्या पाचव्या पिढीत तो आवाज काढला. जुन्या साठ्यातली सायकल सवलतीत मिळत असेल तर एवढं माहीत असू द्या. याउलट पेडलवर जोर दिल्यावर येणारी आणि आठवड्यागणिक वाढणारी करकर म्हणजे बेअरिंग. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा. ढिलेपणा जाणवला तर त्याच दिवशी व्हिडिओ काढून तक्रार नोंदवा, कारण पुढे गंज दिसला की तेच ‘पाण्याने झालेलं नुकसान’ ठरतं.

मिड-ड्राइव्ह आतून बिघडली की बॉश आणि शिमानो सुटे भाग देत नाहीत, अख्खी मोटर बदलतात. वॉरंटीत असाल तर नवी मोटर मिळते, हे उत्तमच. वॉरंटी संपली की तीच गोष्ट खिशाला फार जड जाते.

वॉरंटी: कागद आणि अंतर

भारतीय हब सायकलींना मोटर-बॅटरीसाठी बहुधा एक ते दोन वर्षं मिळतात, मिड-ड्राइव्हला साधारण दोन. पण वर्षांपेक्षा वाहतूक महत्त्वाची. हब मोटर म्हणजे मागचं चाक. १८ च्या पान्याने नट सोडवले (काही मॉडेलना १९ चा लागतो), कनेक्टर काढला की चाक खोक्यात घालून पार्सलने कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जातं. परत बसवताना नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि टॉर्क वॉशर पूर्वीच्याच दिशेने बसवा. तो उलटा बसला तर आस फिरून वायर पिळवटते, आणि तो दोष वॉरंटीत येत नाही.

मिड-ड्राइव्हची बहुधा अख्खी सायकल न्यावी लागते. निदान कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडूनच होतं आणि नवी मोटरही तिथेच नोंदवली जाते. म्हणून अधिकृत विक्रेता कोणत्या शहरात आहे आणि त्याच्याकडे निदानाचं साधन प्रत्यक्ष आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

परदेशातून नातेवाइकाकरवी आणलेली सायकल स्वस्त पडते, पण ती घेऊ नका. वॉरंटी बहुतेक वेळा विकणाऱ्या देशातल्या विक्रेत्यामार्फतच चालते. विमानात प्रवाशाला परवानगी घेऊनही १६० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते. ५०० वॅट-अवरची बॅटरी दुरुस्तीला परत पाठवणार कशी?

विकत घेताना ईमेलवर उत्तरं मागा. व्हॉट्सअॅपवरचं ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ कामाचं नाही. विचारायचं ते असं: वाहतुकीचा खर्च जाताना कोणाचा आणि येताना कोणाचा, बॅटरी सोबत पाठवायची का, किनारपट्टीवरचा गंज वगळलेला आहे का, नोंदणी किती दिवसांत करायची. बिलावर फ्रेम, मोटर आणि बॅटरी या तिन्हींचे क्रमांक लिहून घ्या. मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्याच्या मान्यतेची प्रतही घ्या. ही मर्यादा ओलांडली की सायकल मोटार वाहनात मोडते. वेगाचं बंधन काढणारी चिप लावली तर वॉरंटी गेलीच. बॉशची प्रणाली ती छेडछाड ओळखून ५०४ कोड दाखवते आणि मोटरची साथ कमी करते.

कंपनी टाळाटाळ करू लागली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानेही भागलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी पुण्यात की लुधियानात, हा प्रश्न येत नाही. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

होमस्टेवाल्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. पाहुण्यांना भाड्याने द्यायला सायकली घेणार असाल तर बऱ्याच वॉरंटींतून व्यावसायिक वापर वगळलेला असतो. ग्राहक कायद्यातही व्यावसायिक हेतूची खरेदी बसत नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरत्या स्वयंरोजगाराला तेवढी सूट आहे. अशांनी भाडेवापराची वेगळी लेखी वॉरंटी मागावी. ती मिळत नसेल तर हब मोटरच घ्यावी आणि चार सायकलींमागे एक जास्तीचं मोटरचं चाक आणि एक कंट्रोलर घरात ठेवावा.

साध्या सायकलला बाफांग या चिनी कंपनीचं मिड-ड्राइव्ह किट बसवणं हा तिसरा मार्ग. त्याचे गिअर आणि कंट्रोलर सुटे मिळतात, त्यामुळे दुरुस्ती सोपी. वॉरंटी जवळपास नावापुरती, आणि ५०० किंवा ७५० वॅटचं किट कायद्याच्या मर्यादेबाहेर. स्वतः पाना हातात धरणाऱ्यालाच हे परवडेल.

रोज बाजार, शाळा, सडा आणि रविवारी एखादी पाणंद असा वापर असेल तर १० अँपिअर-अवरच्या वरची बॅटरी असलेली हब सायकल घ्या. घाट आणि जंगलवाटा हाच छंद असेल तर मिड-ड्राइव्ह घ्या, पण सर्व्हिस केंद्र एका दिवसात जाऊन-येऊन होण्याच्या अंतरात असेल तरच.

वॉरंटी एकाच वर्षाची असेल तर दसऱ्याच्या सवलतीत घेऊ नका, मेच्या अखेरीस घ्या. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या सायकलचा पहिला पावसाळा वॉरंटीच्या अगदी शेवटी येतो, आणि सीलमधून शिरलेलं पाणी बेअरिंगवर दिसायला पावसानंतर दोन-तीन महिने जातात. मेमध्ये घेतली तर तो दोष दिवाळीच्या सुमारास समोर येतो आणि तक्रारीला निम्मं वर्ष हातात उरतं.