अमेरिकेचं पीटी लायसन्स काढायचंय? इंदिरानगरच्या मॅडमकडचा माझा अनुभव

बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची (पीटी) डिग्री झालीय, अमेरिकेत प्रॅक्टिस करायचीय आणि नाशिकमध्येच कोणीतरी नीट सांगणारं हवंय, अशा मुलामुलींसाठी लिहितेय. दीड वर्षापूर्वी मी शोधत होते तेव्हा मराठीत एक ओळ सापडली नव्हती. लायसन्सच्या कागदांचं मार्गदर्शन करणाऱ्या या मॅडमचं नाव नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, पण नाशिकच्या फिजिओंमध्ये कोणालाही विचारा, दोन फोनमध्ये पत्ता मिळतो.

आधी मी कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेले होते. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे, आणि पॅकेज 1,25,000 चं, "यूएसए पीटी लायसन्स, ए टू झेड". मी 25,000 भरून पण आले. तीन महिने नुसते फॉर्म भरले, आणि एकदाही कोणी विचारलं नाही की ताई तुम्ही जाणार कुठल्या स्टेटला. फाईल न्यूयॉर्कसाठी लावली कारण त्यांच्याकडे सगळ्यांचीच न्यूयॉर्कला लावतात. माझे मिस्टर डलासला आहेत म्हणजे टेक्सास, हे मी स्वतःहून सांगितलं तर म्हणाले काही नाही हो, एकदा लायसन्स आलं की कुठेही चालतं.

नाही चालत. मॅडमनी पहिल्या शनिवारी पहिलं वाक्य हेच सांगितलं, "अमेरिकेचं लायसन्स असं काही नसतंच, लायसन्स स्टेटचं असतं." परीक्षा देशभर एकच, एनपीटीई, ती घेते एफएसबीपीटी म्हणजे सगळ्या स्टेट बोर्डांची मिळून असलेली संस्था. पण लायसन्स द्यायचं की नाही, परदेशात शिकलेल्या माणसाचे कागद कोणत्या निकषावर तपासायचे, हे ज्या त्या स्टेटचा बोर्ड ठरवतो. न्यूयॉर्क तुमचे कागद एफसीसीपीटीकडून, म्हणजे परदेशी पीटी डिग्र्या तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेकडून, पडताळून घेतं पण शिक्षण आपल्या निकषात बसतं का ते स्वतः बघतं, आणि उद्या तुम्ही टेक्सासला अर्ज केला की टेक्सास म्हणणार आम्हाला आमचं पूर्ण मूल्यमापन हवं. परीक्षेचे मार्क एफएसबीपीटी दुसऱ्या स्टेटला पाठवते, तो प्रश्नच नाही, मार्क जातात, पण बाकीची फाईल परत शून्यातून. माझी एक सीनियर यातच अडकली, हातात एका स्टेटचं लायसन्स आणि राहायला दुसऱ्या स्टेटला, आठ महिने घरी बसून. ते ऐकून मला खरंच रडू आलं होतं कारण मी त्याच रस्त्याने चालले होते.

मॅडमनी स्वतः मिशिगनला बरीच वर्षं काम केलंय, सासूबाईंच्या आजारपणात परत आल्या त्या इथेच राहिल्या. दर शनिवारी दुपारी घरीच बसवतात, डायनिंग टेबलावर सहा जण, प्रत्येकाची फाईल उघडी. फी एकदाच 18,000, हप्त्यात दिली तरी चालते, पावती मिळते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सिलॅबसच्या कामात. एफसीसीपीटी तुमची मार्कशीट बघून थांबत नाही, प्रत्येक विषय किती तास शिकलात, क्लिनिकल किती तास, कुठल्या पोस्टिंगला, सगळं तिकडच्या डिग्रीशी ताडून बघते. तिकडे 2016 पासून नवीन पीटी डीपीटी करूनच येतो, आधी चार वर्षांचं कॉलेज मग तीन वर्षांची डॉक्टरेट. आपण बारावीनंतर थेट ॲनाटॉमीत घुसतो, त्यामुळे भाषा, समाजशास्त्र, गणित असले सामान्य शिक्षणाचे क्रेडिट आपल्याकडे कमी पडतात. अभ्यासात आपण कमी असं नाही, आपली चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप वेगळ्या मापाने मोजली जाते एवढंच. हे क्रेडिट अमेरिकेतल्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या क्लेप परीक्षांनी भरून काढता येतात, हे कन्सल्टन्सीवाल्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, ते थेट महागडा ऑनलाईन कोर्स गळ्यात मारत होते.

माझ्या कॉलेजनी दिलेल्या तासांच्या पत्रकात न्यूरोचे तास सिलॅबसपेक्षा कमी टाईप झाले होते. माझ्या लक्षात आलं नसतं. मॅडम पेन्सिल घेऊन ओळ अन ओळ बघत होत्या, तिथे थांबल्या, म्हणाल्या हे असंच गेलं तर तिकडून कमतरता म्हणून परत येईल आणि तुझे सहा महिने जातील. दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाऊन दुरुस्त करून आणलं. फक्त या एका पेन्सिलीच्या खुणेसाठी मी 18,000 परत द्यायला तयार आहे.

नाशिककरांना एक सोय आहे जी आपल्याला कळत नाही. आरोग्य विद्यापीठ आपल्या गावात आहे! कोल्हापूर, नागपूरची पोरं रात्रभर प्रवास करून म्हसरूळला येतात आणि आपण स्कूटीवर दिंडोरी रोडने वीस मिनिटांत. ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातून गेलेलं तिकडे चालत नाही, विद्यापीठाकडून सीलबंद थेट जावं लागतं, म्हणून जवळ असण्याचा फार फायदा. फिजिओंच्या कौन्सिलच्या गुड स्टँडिंगसाठी, म्हणजे आपली नोंदणी चालू आणि स्वच्छ असल्याच्या दाखल्यासाठी, मात्र मुंबई, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळी परत.

दुसरी गोष्ट ज्यासाठी मला मॅडमबद्दल मनापासून आदर आहे. आमच्या बॅचमधल्या एकाने "रिकॉल" प्रश्नांची फाईल आणली होती, म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न. मॅडमनी ती तिथल्या तिथे डिलीट करायला लावली आणि 2010 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी असेच प्रश्न फुटतात म्हणून एफएसबीपीटीने भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्स या चार देशांत शिकलेल्यांची परीक्षाच थांबवली आणि त्यांच्यासाठी वेगळी, वर्षातून एकदाच होणारी परीक्षा काढली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, रात्र रात्र अभ्यास केला होता, त्यांचंही वर्ष गेलं. तुमच्या एका फाईलमुळे पुढच्या बॅचच्या मुलींचं असं होऊ शकतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा टेबलावर कोणी बोललं नाही.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. वर्षातून चार वेळा ठरलेल्या तारखांना, जानेवारी एप्रिल जुलै ऑक्टोबर, 225 प्रश्न, पाच तास, पास व्हायला 800 पैकी 600. बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं आणि आयुष्यात एकूण सहाच प्रयत्न, म्हणून "बघू एकदा देऊन" असं करू नका. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा वेगळी. आणि टेक्सासला त्यांच्या कायद्यावरची जॅम नावाची परीक्षा वेगळी, बोटांचे ठसे वेगळे. बऱ्याच स्टेटला अशी कायद्याची परीक्षा आहे, कॅलिफोर्नियाची वेगळी, फ्लोरिडाची वेगळी.

कॉम्पॅक्टबद्दल पण इथेच नीट कळलं. काही स्टेटनी मिळून करार केलाय, एका सभासद स्टेटचं लायसन्स असलं तर दुसऱ्या सभासद स्टेटमध्ये काम करायची परवानगी झटपट मिळते, 2018 पासून चालू आहे. पण तुम्ही राहता ते स्टेट त्यात असावं लागतं आणि लायसन्स तिथलंच असावं लागतं. टेक्सास आहे. मी कागद जुळवत होते तेव्हा न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यात नव्हते, म्हणजे कन्सल्टन्सीच्या फाईलवर मी पुढे गेले असते तर हा दरवाजा पण बंद.

आता खटकलेलं. मॅडम व्हॉट्सॲपला उत्तर चार चार दिवस देत नाहीत, फोन उचलत नाहीत, शनिवारीच काय ते बोला. माझ्या टोफेलच्या तारखेचा घोळ झाला तेव्हा फार घालमेल झाली होती. सहाच्या जागी कधी कधी नऊ जण बसवतात, मग शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत अंधार पडतो, मला सातपूरला घरी पोचायला साडेनऊ व्हायचे. अभ्यास त्या शिकवत नाहीत, फक्त कागद आणि दिशा, अभ्यासाला दुसरी सोय बघावी लागते. आणि स्टेट ठरलेलं नसेल तर त्या फाईल हातात घेत नाहीत, परत पाठवतात. सुरुवातीला मला राग आला होता, आता पटतं.

माझं मूल्यमापन आलंय, परीक्षेला बसायची परवानगी पण आली, ऑक्टोबरला परीक्षा, तिकीट काढलंय. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या व्हॉट्सॲपसाठी कापला.

पहिल्यांदा जाताना सिलॅबसची पूर्ण प्रत घेऊन जा, तुम्ही ज्या वर्षी ॲडमिशन घेतली त्याच वर्षीची, नवीन नाही. मी नवीन नेली होती आणि पुढच्या शनिवारपर्यंत थांबावं लागलं.