तानसेन समारोह, ग्वाल्हेर : एकच सभा जमणार असेल तर सकाळची धरा

तानसेन समारोहाचा, म्हणजे ग्वाल्हेरच्या दरवर्षीच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाचा विषय निघाला की आमच्या लष्करातली (हा ग्वाल्हेरचाच एक भाग) बहुतेक मंडळी रात्रीचंच बोलतात. आज कोणाचं गाणं आहे, मोठं नाव किती वाजता बसेल, पुढे जागा मिळेल का वगैरे. मी यंदा आत्याला घेऊन अख्खा दिवस तिथे काढला, सकाळी दहाच्या सभेपासून ते रात्री पाय बधिर होईपर्यंत, मधे खाणंपिणंही सगळं ग्वाल्हेरचंच, आणि माझं मत एकदम पक्कं झालंय की ज्याला एकच सभा जमणार असेल त्याने सकाळची धरावी. रात्री गर्दी असते, नावं असतात, लायटिंग असतं, सगळं खरं. पण सकाळी जे ऐकायला मिळतं ते बाहेर कुठे सहसा मिळत नाही.

बाहेरून येणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. समारोह डिसेंबरात असतो, तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. जागा शहरातल्या हजिरा भागात, तानसेनाच्या समाधीच्या आवारात, उघड्यावर मांडव घालून. एंट्री फुकट. पास नाही की काही नाही, जा आणि बसा. शिंद्यांच्या राज्यात १९२४ साली हे सुरू झालं, तेव्हा त्याचं रूप उरुसासारखं होतं, आणि २०२४ मध्ये शंभरावा समारोह झाला. पहिल्या दिवशी सकाळी अजूनही ती जुनी पद्धत पाळतात, आधी शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि मजारीवर चादर. हे सगळं एकाच अंगणात, एकापाठोपाठ एक होतं आणि लोक तेच असतात, कोणी मधे उठून जात नाही. ज्यांना पहिला दिवस जमेल त्यांनी तो चुकवू नये.

आम्ही गेलो तो मधला दिवस. सकाळी निघताना नाश्ता बाहेरच करायचा ठरवलं होतं कारण ग्वाल्हेरला हिवाळ्यात घरी पोहे खाऊन निघणं म्हणजे सकाळ वाया घालवणं. बेडई खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उडदाच्या डाळीचं वाटण भरलेली पुरी, कडक तळलेली, आणि सोबत पातळ तिखट बटाट्याची भाजी, हिंगाचा वास दुकानाच्या बाहेरपर्यंत. गरम जिलेबी त्याच्याबरोबरच घ्यायची, आधी किंवा नंतर नाही, एक घास ह्याचा एक घास तिचा. फक्त एक सांगते, बेडई कढईतून निघतेय अशाच ठिकाणी उभं राहा. आम्ही पहिल्यांदा ज्या दुकानात थांबलो (नाव सांगत नाही) तिथे ताटात रचून ठेवलेल्या, थंड होऊन मऊ पडलेल्या बेडया भाजीत बुडवून दिल्या आणि वर म्हणे आत्ताच काढल्यात. आत्याने सरळ डिश परत केली. दोन दुकानं पुढे गेलो तिथे कढईपाशी उभं राहून खाल्लं, फार छान होतं.

आता सभा. प्रत्येक सभेची सुरुवात इथल्या संगीत शाळा-कॉलेजांच्या मुलांच्या धृपदाने, म्हणजे ख्यालाच्याही आधीच्या जुन्या गायकीने होते. बऱ्याच लोकांना वाटतं की हे नुसतं आधीचं काहीतरी आहे, मोठा कलाकार बसला की जाऊ. असं करू नका हो. मुलं-मुली ओळीने बसतात, काहींची तर दहावी-बारावीची वयं, थंडीने नाकं लाल, आणि एकत्र सूर लावतात तेव्हा बघत राहावंसं वाटतं. आम्ही अगदी पुढे बसलो होतो म्हणून पखवाजवाल्याचं सगळं दिसत होतं. त्याने डबीतून भिजवलेल्या कणकेचा गोळा काढला, डाव्या तोंडावर मधोमध थापला, अंगठ्याने कडा दाबत गोल पसरवला, थाप मारली, मान हलवली, थोडी कणीक खरवडून काढली, परत थाप. तानपुऱ्याशी जुळेपर्यंत हेच चाललं होतं आणि मग एक थाप अशी पडली की तो घुमारा थेट छातीत येऊन बसला. मोबाईलवर ऐकताना पखवाजाचा तो खर्ज कधी येतच नाही, हे तिथे बसल्यावर कळतं.

त्यानंतर एक तरुण धृपद गायक बसले आणि त्यांनी मियाँ की तोडी सुरू केली. इथेच मला जे सांगायचंय ते आहे. तोडी हा सकाळचा राग, उन्हं वर यायला लागतात तेव्हाचा. आणि आपल्याकडे मैफिली होतात संध्याकाळी, हॉलमध्ये, ऑफिस सुटल्यावर. मग यमन, पूरिया, बागेश्री, दरबारी हे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात आणि तोडी, ललत, देसकार, जौनपुरी, सारंगाचे प्रकार हे सगळं रेकॉर्डिंगवरच राहतं. इथे ती तोडी तिच्या वेळेला, उघड्यावर, आणि जो राग तानसेनाच्या नावाने ओळखला जातो तो त्याच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर. नोमतोमचा आलाप (शब्दांऐवजी नोम-तोम अशा अक्षरांवरचा) चालू होता, ऊन हळूहळू मांडवाच्या कडेने आत सरकत होतं, लोक शाली सैल करत होते. कोमल गंधारावर ते इतका वेळ थांबले की आत्या, जी एरवी गाण्यात सुद्धा माझ्याशी बोलत असते, ती माझा हात धरून बसली होती. शेजारी जिवाजीगंजातले एक आजोबा होते, मी हळूच काहीतरी विचारायला गेले तर म्हणाले, "बाळ, नंतर सांगतो, आता ऐक." आणि खरंच संपल्यावर सगळं सांगितलं त्यांनी, कुठल्या सुरावर काय केलं, कुठे लय वाढवली ते.

सकाळी गर्दी कमी असल्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. जागा मिळते, ऐकणारे ऐकायलाच आलेले असतात. रस्ता जवळ आहे त्यामुळे मागे बसलात तर हॉर्न ऐकू येतात, म्हणून साडेनऊलाच पोचा आणि पुढे बसा.

सकाळची सभा संपल्यावर लोक घरी पळतात, आम्ही थांबलो. दुपारी हे आवार बघायची खरी वेळ आहे. तानसेनाची समाधी अगदी साधी आहे, चौथरा, खांब, वर छत, बस. शेजारी सूफी संत मोहम्मद गौस यांचा मकबरा मात्र मोठा, चारी बाजूंनी दगडी जाळ्या, आणि प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी वाटावी इतकी विविधता. आतून बघा. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत ते चाळून येतं आणि फरशीवर नक्षी पडते, आणि ती तासाभरात सरकलेली दिसते. समाधीजवळ चिंचेचं झाड आहे, पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत, पूर्वीपासून गाणारे येऊन पानं चावायचे. मूळ झाड केव्हाच गेलं, आताचं नंतरचं आहे. सकाळी धृपद गायलेल्या मुली तिथे पानं शोधत होत्या, मॅडम मागून ओरडत होत्या की तोडू नका, खाली पडलेली घ्या.

जेवायला आम्ही डबा नेला होता, मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं, आवाराबाहेर उन्हात बसून खाल्लं. पण तुम्ही पाहुणे असाल तर दुपारच्या या तीन-चार तासांत लष्करात चक्कर मारा. नया बाजारात बहादुराकडे तुपातले बुंदीचे लाडू मिळतात, माजी पंतप्रधान अटलजींना (वाजपेयींना) फार आवडायचे हे इथे कोणीही सांगेल (त्यांचा जन्म इथलाच, शिंदे की छावणीतला, आणि साल तेच १९२४). दुकान साधं आहे, बसायला थाटमाट नाही, लाडू हातात घेतला की तुपाने बोटं चमकतात आणि कळ्या जिभेवर सुट्या होतात, चिकट पाक नाही. गोड खाऊन झालं की मंगोडे शोधा, मुगाच्या डाळीची भजी, बाहेरून कुरकुरीत, आत धणे-मिरपूड दाताखाली येते, हिरवी चटणी झणझणीत. थंडीत याच्यासारखं दुसरं काही नाही.

इथे एक गोष्ट लिहावीशी वाटते कारण पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक विचारतात की एवढं आमच्याकडे सवाई (पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव) असताना तिकडे कशाला यायचं. सवाई मोठाच, त्याबद्दल बोलायचं काही कारणच नाही. पण महाराष्ट्रात ख्याल पोचला तो इथूनच ना. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, आणि तिथून पुढचा सगळा विस्तार. सवाई सुरू करणारे भीमसेनजी (जोशी) सुद्धा लहानपणी घरातून पळून गाणं शिकायला आले ते ग्वाल्हेरलाच, इथल्या माधव संगीत शाळेत. ज्या मुलांचं धृपद आम्ही सकाळी ऐकलं त्यातली काही आजही लष्करातल्या शंकर गांधर्व महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकतात, जे कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये सुरू केलं. तेव्हा एकदा तरी या, हे आपल्या घरचं आहे.

संध्याकाळची सभा सहाला. आता कपड्यांबद्दल नीट ऐका. डिसेंबरात ग्वाल्हेरची रात्र मुंबईच्या स्वेटरवर निभत नाही. कानटोपी, जाड मोजे, आणि खाली अंथरायला काहीतरी, कारण गारठा खालून चढतो. नऊनंतर दव पडायला लागतं आणि ते वाद्यांवरही दिसतं, तारा चढतात, तबल्याची पुडी उतरते, आणि कलाकाराला मधे मधे थांबून हातोडीने गठ्ठे ठोकत बसावं लागतं. काही लोक तेवढ्यात कंटाळून गप्पा मारायला लागतात. मला तो वेळही आवडतो. एक ज्येष्ठ सारंगीवाले होते, त्यांनी तर तरफेच्या (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या) तारा एकेक करून जुळवल्या, कान लाकडाला टेकवून, पोरासारखं जपत. मग जो मारू बिहाग वाजवला तो अजून कानात आहे. बाहेरच्या देशातले कलाकारही असतात विश्व संगीत म्हणून, त्या दिवशी एक जोडी होती, चांगलं वाजवलं, पण सारंगीनंतर लगेच माझं मन काही त्यात लागलं नाही.

रात्रीचा त्रास एकच, मोबाईल. आलाप चालू असताना समोरच्या रांगेत हात वर करून व्हिडिओ, मग तो तिथेच लावून बघणं, आवाजासकट. ज्यांनी गावोगावी फिरून, तासन्‌तास रियाज करून हे मिळवलं ते समोर बसलेत आणि आपण स्क्रीन बघतोय, याचं मला फार वाईट वाटतं. कृपा करून फोन खिशात ठेवा. मुलांना आणताय तर जरूर आणा, पण कडेला बसा म्हणजे कंटाळली की बाहेर नेता येतील.

बाहेर आलं की गजक घ्या, ही तीळ-गुळाची पापुद्र्यांची मिठाई. मुरैना इथून जवळच, तिथल्या गजकला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि थंडीच्या दिवसांत ग्वाल्हेरलाही जागोजागी ताजी बनते. आम्ही एका ठिकाणी उभं राहून बघितलं, गुळाचा पाक थोडा निवला की खुंटीला अडकवून ओढत राहतात, काळसर पाक ओढता ओढता सोनेरी होतो, मग त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी मोगऱ्यांनी दोघं जण आळीपाळीने कुटतात, उलटतात, परत कुटतात. त्या कुटण्यानेच पापुद्रे सुटतात. गुळाची घ्या, साखरेची दिसायला पांढरी सुंदर असते पण तिळाची चव गुळातच खुलते. डबा हवाबंद लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी सादळते.

परत जायची सोय आधीच करून ठेवा. रात्री सभा सुटली की हजिऱ्याहून लष्करात यायला रिक्षावाले वाट्टेल ते मागतात, अॅपवरून बोलावलेला एक जण येऊन, आम्हाला बघून, जास्त पैसे मागून निघून गेला, आत्याचे गुडघे दुखत असताना आम्ही थंडीत उभ्या. शेवटी शेजारच्या आजोबांच्या मुलाने त्यांच्या गाडीतून लष्करातल्या बाड्यापर्यंत (महाराज बाडा चौकापर्यंत) सोडलं.

आत्याच्या डोक्यात आता बेहट आहे. तानसेनाचं गाव, इथून साधारण ४५ किलोमीटर, समारोहाची एक सभा तिथेही होते, झिलमिल नदीच्या काठी महादेवाच्या देवळापाशी, आणि तीही सकाळची. देऊळ एका बाजूला झुकलेलं आहे, तानसेनाच्या तानेने झुकलं असं गावातले लोक सांगतात. पुढच्या डिसेंबरात आम्ही गाडी ठरवून पहाटेच निघणार आहोत, डबा घरून नेणार. लष्करातून किंवा मुरारहून कोणाला यायचं असेल तर आधीच कळवा, म्हणजे त्या हिशोबाने मोठी गाडी बघता येईल.