सुती हातकागद, ३०० जीएसएम: उठावाला उत्तम, वॉशला बेभरवशाचा

जलरंगाचा स्वस्त कागद म्हणून सुती हातकागद घेतला तर बहुतेकदा हिरमोड होतो. उठावाचं काम (एम्बॉसिंग), इंटॅग्लिओ छपाई (प्लेटवर कोरलेल्या खाचांत शाई भरून केलेली) किंवा लगद्याचं कास्टिंग (साच्यात लगदा दाबून आकार घेणं) करणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आणि जयपूरजवळ सांगानेरचे कागझी (पिढीजात कागद बनवणारे) त्याच्या कितीतरी आधीपासून हातकागद बनवत आले आहेत. कारखान्यागणिक, कधी गठ्ठ्यागणिकही माल बदलतो. त्यामुळे हे परीक्षण कुठल्या एका नावाचं नसून २२ × ३० इंची, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) पांढऱ्या कागदाचं आहे.

कच्चा माल म्हणजे होजिअरीची कातरणं. त्यातला तंतू लांब असतो, म्हणून भिजलेला कागद दाबाखाली फाटण्याऐवजी ताणला जातो आणि साच्यातली बारीक रेघही उचलतो. खळ म्हणजे कागदाने पाणी पटकन शोषू नये म्हणून दिलेला लेप. एम्बॉसिंगसाठी कमी खळीचा कागद पाच मिनिटं, जास्त खळीचा वीस ते तीस मिनिटं भिजवा. टीपकागदात दाबून वरची चकाकी गेली की मगच प्लेटवर ठेवा. पाणी उरलं तर शाई सुटते. प्लेटच्या कडा तिरप्या घासलेल्या हव्यात, नाहीतर प्रेसमध्ये कागद कडेला कापला जातो. वाळवताना वर जड वजन ठेवू नका, मिळवलेला उठाव सपाट होतो. कागदाच्या कडा गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) फळीला चिकटवून वाळवणं जास्त सुरक्षित.

कागदाच्या कामाचा कस खरा लागतो तो लगद्यात. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात ‘वून्ड्‌स’ मालिका केली ती अशीच: मातीच्या पाटावर सुरीने, तापल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, शाईचा थेंब नाही. मुद्राचित्रकार झरीना (हाशमी) यांनी १९८० च्या दशकात लगद्यातच रंगद्रव्य मिसळून साचे भरले. त्याआधी, १९७७ मध्ये, नुसत्या सुईने कागदाला भोकं पाडून चित्रं केली होती.

घरी करायचं तर कागदाचे इंचभर तुकडे रात्रभर भिजवा. मिक्सरमध्ये एका वेळी लिटरभर पाण्याला दहा ग्रॅमच घाला आणि थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवा. जास्त फिरवलं तर तंतू आखूड होतात आणि ओतकाम कमकुवत निघतं. प्लास्टरच्या साच्याला चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात आणि वर मेणाचं पॉलिश द्या, नाहीतर लगदा साच्यालाच धरून बसतो. स्पंजने पाणी टिपत दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत साच्यातच राहू द्या. घाईने काढलं की एक बाजू आधी सुकते आणि तुकडा वाकडा होतो. सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं.

आता वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ, पसरता थर. कमी खळीच्या कागदात रंग आत मुरतो, उचलता येत नाही. मास्किंग टेप काढताना वरचा थरही सोबत येतो. उपाय आहे, पण कटकटीचा: लिटरभर गार पाण्यात २० ते ३० ग्रॅम जिलेटिन फुगवायचं, न उकळता कोमट विरघळवायचं, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावून कागद टांगायचा. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये हे करूच नये. जिलेटिनवर बुरशी धरते. ओल्यावर ओलं (भिजल्या कागदावर ओला रंग) हीच तुमची पद्धत असेल तर गिरणीचा, जिलेटिन दिलेला सुती कागद घ्या. महाग पडेल, पण रोजची झटापट वाचेल.

दुकानात जीएसएमआधी खळीची चौकशी करा. उत्तर मिळालं नाही तर नमुन्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका: लगेच मुरला तर छपाईचा कागद, मिनिटभर टिकला तर रंगाचा विचार करा. मग उजेडासमोर धरा; गाठी दिसल्या तर बारीक रेषेच्या छपाईला तो नको. राळ आणि तुरटीची खळ असेल तर कागद आम्लधर्मी राहतो आणि पुढे पिवळा पडतो, मग तो शंभर टक्के सुती का असेना. शंका असल्यास पीएच पेनने (आम्लता दाखवणाऱ्या पेनने) एक रेघ ओढून पाहा. फुलांच्या पाकळ्या घातलेले कागद लग्नपत्रिकांना ठीक. भिजवले की तपकिरी डाग सोडतात.

मालिका करायची असेल तर सगळे कागद एकाच गठ्ठ्यातले घ्या, वर चार-पाच जास्तीचे. आडवे ठेवा, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकमध्ये बंद करा. कसर सुती कागदही सोडत नाही.